मास्तरांची चौथी सभा

"आजच्या सभेत परवानगीशिवाय मुंगीसुद्धा शिरणार नाही!" मास्तर कॅमेऱ्याकडे बघून गरजले. "लोकशाहीच्या या बुरुजावर मी जातीने उभा आहे!"

पडद्यावर वहिनींच्या चार ओळखीच्या शब्दांची चिठ्ठी उमटली: 'भाऊजी, तुमचा आवाज बंदय.'

मास्तरांनी आवाज चालू केला. पण गर्जना दुसऱ्यांदा तशी जमत नाही. "नमस्कार," ते म्हणाले.

वसाहतीच्या दवाखान्यासाठी ही चौथी ऑनलाइन सभा होती. पहिल्या सभेत कोणीतरी घुसून गलिच्छ चित्रं दाखवली. दुसरीत पाऊण तास शिव्या झाल्या. शिवी एकच होती, आणि मास्तरांना त्या दारिद्र्याचंच जास्त वाईट वाटलं. तिसरीत बँड वाजला. नगरपालिकेचा नियम साफ होता. चौथी सभाही ठरावाशिवाय उधळली, तर दवाखाना पाडायचा आणि जागा ठेकेदाराला द्यायची. मास्तरांची दोन्ही नातवंडं त्या दवाखान्यात जन्मली होती. वहिनी दम लागला की तिथेच धावत. म्हणजे धावता येईल तेवढ्या.

म्हणून या वेळी बंदोबस्त कडेकोट होता. परवलीचा शब्द मास्तरांनी घरोघरी जाऊन कानात सांगितला होता. वहिनी चार गल्ल्या पलीकडे आपल्या घरी बसून एकेकाला घर क्रमांक विचारत आणि मगच आत सोडत. त्यांची पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कोणाला जोडायचं आणि कोणाला तोडायचं हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. बाकी सगळ्यांचे आवाज बंद. चित्रं दाखवणं बंद. अनोळखी आवाज आला की तो त्याच क्षणी तोडायचा, मग तो कोणाच्याही घरून येवो, असा नियम मास्तरांनी स्वतः लिहून दिला होता. मत द्यायचं ते कॅमेऱ्यासमोर खराखुरा हात वर करून. ठेकेदारालाही आत घ्यावं लागलं, कारण तो रहिवासी होता. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तो दात कोरत बसला होता.

एकच गोष्ट राहिली. जाहीर सभेच्या सूचनेवर आयोजकाचा पत्ता छापावा लागतो. ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांनी सरळ घरी यावं, या सद्भावनेने मास्तरांनी तो ठळक छापला होता: दुसरा मजला, डावीकडचं दार, कडी लागत नाही, ढकलावं.

दार कोणी ढकललं नाही. ते बिजागऱ्यांसकट आत आलं.

पाठोपाठ एक माणूस आला. मानेवर विंचू गोंदलेला, हातात लोखंडी गज. पहिला घाव पुस्तकांच्या कपाटावर पडला आणि काचा मास्तरांच्या मांडीवर सांडल्या. दुसरा मास्तरांच्या खांद्यावर पडला. आतून काहीतरी वाळल्या फांदीसारखं मोडलं.

"थेरड्या, सभा घेतोस?" तो मास्तरांच्या कानाशी पुटपुटला.

"घेतोय," मास्तर म्हणाले. "आपला घर क्रमांक?"

विंचूवाल्याने त्यांचं डोकं धरून टेबलावर आपटलं. दोन दात कळफलकावर पडले. डावा डोळा मिटला, रक्त हनुवटीवरून सदऱ्यात उतरलं. मग विंचूवाल्याने त्यांची मान बगलेत आवळली, तोंड कॅमेऱ्याजवळ नेलं आणि शिरा ताणून ओरडला, "ऐका रे सगळे!"

मास्तरांनी उरलेल्या डोळ्याने पडद्याकडे पाहिलं. मग ते हसले.

"हसतोस काय?" गज बोटांवर उतरला. मास्तर किंचाळले, आणि पुन्हा हसले.

विंचूवाला पाठ करून आला होता, हे उघड होतं. त्याने दवाखाना जाळायचं सांगितलं. कोणाची मुलगी किती वाजता क्लासला जाते ते सांगितलं. मधे मधे दिवा फोडला, खुर्ची फोडली, भिंतीवरचं घड्याळ फोडलं. पाच मिनिटं तो बोलत होता. तोंडाला फेस आला.

"ज्याला ज्याला आपली हाडं प्यारी आहेत," शेवटी तो गरजला, "त्याने हात वर करा!"

एक हात वर गेला. मग दहा. मग चौकटीमागून चौकट भरत गेली. म्हातारे हात, बांगड्यांचे हात, कणकेने माखलेला एक हात. पडदाभर तळवे.

"बघ," विंचूवाला धापा टाकत म्हणाला. "टरकले सगळे."

"मोजू द्या," मास्तर म्हणाले.

पडद्यावर वहिनींची चिठ्ठी आली. विंचूवाल्याने ती ओठ हलवत वाचली. 'दवाखाना राहावा, हा मी मघाशी चिठ्ठीने मताला टाकलेला ठराव मंजूर. बाजूने दोनशे सात. ठेकेदारांनी हात कानामागे धरला आहे, तो मोजलेला नाही. पोलीस निघाले आहेत. भाऊजी, खांदा हलवू नका.'

विंचूवाल्याने कोपऱ्यातली चौकट शोधली. ठेकेदार खरंच कानामागे हात धरून पुढे वाकला होता आणि दुसऱ्या हाताने 'काय? काय?' असं विचारत होता.

"मास्तर," विंचूवाल्याने पडद्यावर बोट ठेवलं, "हे तुमच्या चौकटीत लाल काय आलंय?"

"आवाज बंद आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही 'ऐका रे' म्हणालात ना, तेव्हापासून."

विंचूवाल्याने त्यांची मान सोडली. गज हळूच, आवाज न करता, भिंतीला टेकवून ठेवला. काचा पायाने बाजूला सारून तो मास्तरांच्या खुर्चीशी उकिडवा बसला.

"दोन मिनिटं चालू करायला सांगा ना वहिनींना," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मालकाला वाटेल, मी नुसताच तोंड हलवत उभा होतो."