फाटकाचं इंग्रजी

"माय स्टमक इज पेनिंग," रसिका तिसऱ्यांदा म्हणाली.

"पेनिंग चूक. ट्राय अगेन, डियर," शाळेचं फाटक गोड आवाजात म्हणालं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांना इंग्रजी येत नाही, म्हणून वरून हे बोलकं फाटक पाठवलं होतं. इंग्रजीचे शिक्षक पाठवायचे राहिले ते राहिलेच. शाळा सुटायच्या आधी बाहेर जायचं तर बरोबर इंग्रजी बोलायचं, नाहीतर आत बसायचं. चौथीत एकटी रसिकाच अजून नापास होती. आज ती पोटाची उजवी बाजू दाबून, घामाघूम होऊन फाटकाशी उभी होती.

"बाईंनू, खूप दुखता ओ."

"पोरीला दवाखान्यात न्यायचंय, उघड मेल्या!" तिच्या वर्गाच्या धुरीबाई ओरडल्या.

"इंग्लिश प्लीज."

"शी इज सीरियस!"

"शिक्षकांनी उत्तर सांगू नये. पाच गुण वजा."

"आग लागो तुझ्या गुणांना!" बाईंनी फाटकाला लाथ घातली. फाटक लोखंडी, बाईंचाच अंगठा सोलला.

तेवढ्यात जोराची कळ आली. रसिका मटकन खाली बसली आणि मालवणीत किंचाळली, "आय गो!"

फाटकात टिंग वाजलं.

"आय गो. करेक्ट! यू मे गो." ते सरकन उघडलं. "अभिनंदन! चौथीचा वर्ग इंग्रजीत शंभर टक्के प्रवीण."

बाईंनी पोरीला उचललं आणि रिक्षाकडे धावता धावता मागे वळून ओरडल्या, "आईला हाक मारली तिने, गाढवा! आईला!"

"ट्राय अगेन, मॅडम," फाटक म्हणालं.