वाटणीतली गाडी

गॅरेजवाल्या वस्तादांनी ग्राइंडर जमिनीवर ठेवला आणि विचारलं, "मग, कापू?"

हे तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी दादांनी चष्मा पुसला होता, दुसऱ्या वेळी चहा मागवला होता. आता काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांनी पुन्हा उघड्या बॉनेटमध्ये डोकं घातलं. आत पाहण्यासारखं काही नव्हतं. इंजिनाच्या जागी बारा वर्षं नुसता खड्डा होता आणि खड्ड्याच्या दोन बाजूंना, चासीला जोडलेले दोन लोखंडी ब्रॅकेट.

गाडी वडिलांची. लाल, बुटकी, दोनच सीटांची. शर्यतीची गाडी, त्यामुळे घरच्यांच्या काडीच्या उपयोगाची नाही. वडील गेल्यावर दोघा भावांनी वाटण्या केल्या, त्या तीन दिवस चालल्या. कपाटं, भांडी, घड्याळं, सगळं निम्मं निम्मं झालं. गाडी तेवढी राहिली. ती दोघांनाही हवी होती, आणि दुसऱ्याला मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं. शेवटी दादा रागाच्या भरात म्हणाले, मग तिचीही वाटणी करा. दुसऱ्या दिवशी धाकट्याने वस्तादांकरवी इंजिन साखळीने वर काढून घेतलं आणि तो ते घेऊन गेला. सांगाडा दादांकडे, इंजिन त्याच्याकडे. चांगल्या शिकलेल्या माणसांशिवाय इतका वेडेपणा जमत नाही. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादांना सांगितलं की गाडी चालवायची हौस असेल तर याच वर्षात भागवून घ्या, पुढे नाही. त्याच आठवड्यात वस्ताद आले. नव्या गाडीचं एक इंजिन मिळतंय म्हणाले. लहान, दमदार, चावी फिरवताच सुरू होणारं. फक्त ते जुन्या ब्रॅकेटवर बसत नाही. हे कापून नवे वेल्ड करावे लागतील. आणि एकदा कापले की जुनं इंजिन या गाडीत पुन्हा नीट बसायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. उत्तर मात्र फोनवर नको, समोर हवं, असंही म्हणाले.

आज ते टेम्पो घेऊनच आले होते. तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता.

दादांची बायको, जिला वस्ताद वहिनी म्हणत, चहा घेऊन आली. टेम्पोत बसलेल्यांनाही दोन कप नेऊन देते आणि येताना इंजिन बघून येते, असं तिचं म्हणणं. वस्तादांनी घाईने ट्रे धरला. काम होणार की नाही ते कळल्याशिवाय ती माणसं चहाला हात लावायची नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

"सांगून टाका हो एकदाचं," वहिनी म्हणाली. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, या गाडीत मी एकदाही बसले नाही. बाजूची सीट कायम तुमच्या भावाची."

दादांनी ब्रॅकेटवरून बोट फिरवलं. गाडीचा पत्रा जागोजागी गंजला होता, पण हे दोन तुकडे स्वच्छ होते. दर दोन महिन्यांनी ते त्यांना ग्रीस लावत. का, ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"नका कापू," ते म्हणाले.

वहिनीने कप खाली ठेवला. "तुम्हाला गाडी नकोच आहे. भांडण हवंय."

"भांडणाचा कधीच कंटाळा आलाय. पण वाटणी करा असं मी म्हटलं होतं, त्याने नाही. आता हेही मीच कापले, तर त्याला परत यायला सबबच उरणार नाही."

"तो येणार आहे का?"

"नाही यायचा. माझाच भाऊ आहे."

यावर वहिनीला हसूही आलं आणि रडूही. ती कप उचलून आत गेली. दादांनी बॉनेट लावलं आणि टेम्पोचा हेलपाटा फुकट गेला म्हणून वस्तादांची माफी मागितली. आता ही गाडी आपल्या हातून चालणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

वस्तादांनी ग्राइंडर पिशवीत टाकला आणि ते गल्लीच्या तोंडाशी आले. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एक पिकल्या केसांचा गृहस्थ गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याने काच खाली केली.

"दादा काय म्हणाला?"

"कापू नका म्हणाले."

त्याने वळून मागे पाहिलं. मागे ताडपत्रीखाली त्याच्या वाटणीचं इंजिन होतं.

"मग उतरवा," तो म्हणाला.