दहा फुल्या

पन्नाशी ओलांडली तरी आजीच्या लेकाची रुसायची हौस काही फिटली नव्हती. मुलीच्या पहिल्या रेकॉर्डवर बापाने एक गाणं वाजवायचं, एवढंच काम. तर हा सकाळपासून गिटार मांडीवर घेऊन तोंड पाडून बसलेला. चहाचे दोन कप साय धरून पडले होते.

"या आवाजात मी वाजवणार नाही," तो म्हणाला. "नव्या ॲम्पमध्ये जीव नाही."

"बाबा, इथे ॲम्प आहेच कुठे?" नात म्हणाली. "जुना काय, नवा काय, दोन्ही या पेटीतल्या नकलाच."

पेटी टेबलावर होती, चपलेच्या खोक्याएवढी. तिच्यात म्हणे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या शंभर ॲम्पचे आवाज भरलेले. एक बटण दाबलं की गिटार तीस वर्षांपूर्वीच्या ॲम्पसारखी गुरगुरायची, दुसरं दाबलं की यंदाच्या. नातीने कोणाला न विचारता नवा आवाज लावून आठ गाणी उरकलीसुद्धा होती. नववं बापाचं. चारच्या आत पाठवलं नाही, तर रेकॉर्डिंगवाला दुसऱ्या कोणाला बसवणार होता. तीन वाजून गेले होते.

"नकलेतसुद्धा मला फरक कळतो. पाठ करून उभा राहीन आणि सांगेन."

"सांगा. कळला, तर आठही गाणी जुन्यावर पुन्हा वाजवते. नाही कळला, तर मुकाट्याने वाजवायचं."

बटण दाबायला तिसरं माणूस हवं होतं. दोघांनी एकदमच आजीकडे पाहिलं.

"आजी बरी," नात म्हणाली. "पेटीच्या पडद्यावरची इंग्रजी नावं तिला वाचता येत नाहीत. कुठलं कुठलं ते तिलाही कळणार नाही."

"हो गं बाई," आजी चष्मा पुसत म्हणाली. "अडाण्याचा तेवढा तरी उपयोग."

नातीने दोन बटणांवर दोन आवाज बसवले. एकाला तांबडा दिवा, एकाला हिरवा. कुणाखाली काय, ते तिने कोणालाच सांगितलं नाही. गिटारचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहील असा लावला आणि आजीपुढे तांबडा, हिरवा असे दोन रकाने आखलेला कागद ठेवला. जो दिवा लागेल त्याच्या खाली फुली मारायची, आणि फुलीपुढे बाबा म्हणतील ते लिहायचं. जुना तर 'जु', नवा तर 'न'. मग ती बाहेर जिन्यावर जाऊन बसली. म्हणाली, माझ्या तोंडाकडे बघून ओळखतील.

लेक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मास्तरांनी उभं केल्यासारखा.

आजीने आधी दोन्ही बटणं एकेकदा दाबून पाहिली. तांबड्याचा आवाज जरा सैल, पट्टा घसरायला लागल्यासारखा. हिरव्याचा आवळलेला. चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेल्या कानाला एवढं कळायला इंग्रजी लागत नाही.

"ऐकले दोन्ही. कर सुरू," लेक म्हणाला.

तिने तांबडं दाबलं.

"जुना."

तिने फुली मारली. मग बोट हिरव्यावर नेलं, तर हा आधीच मान हलवायला लागलेला. अजून बटण दाबलंही नव्हतं. आजीचं बोट थांबलं. तिने पुन्हा तांबडंच दाबलं.

"हा नवा. बघ, लगेच कोरडा पडला."

"पडला का?"

"पत्रा वाजवल्यासारखा."

तिसऱ्यांदा तांबडं.

"हं! आता जुना. कसा छातीत बसतो, ऐक."

"ऐकते आहे."

त्यानंतर आजीने हिरव्याकडे पाहिलं नाही. बटण, फुली, बटण, फुली. सातव्या खेपेला तो म्हणाला, "नवाच आहे, पण या वेळी त्यातल्या त्यात बरा." आजीने ओठ घट्ट मिटले आणि पुढचा 'न' काढला.

"झाले दहा," ती म्हणाली.

लेक वळला तो परीक्षेत पहिला आल्यासारखा. "बोलाव तिला!"

नातीने आत येऊन कागद उचलला. वरून खालपर्यंत पाहिला, मग उलटा करून मागेही पाहिला.

"आजी, हिरव्याखाली एकही फुली नाही."

"नसणारच. दाबलंच नाही ते."

लेकाने कागद ओढून घेतला. दहाच्या दहा फुल्या तांबड्याखाली. त्यांच्यापुढे पाच 'जु', पाच 'न'. आजीचं अक्षर वेडंवाकडं, पण वाचता येत होतं.

"आई, ही फसवणूक झाली!"

"झाली."

"मग परत करू. नीट करू."

"बाबा, पावणेचार झाले," नात म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं. करू का फोन?"

तो गिटारची वायर बोटाला गुंडाळत राहिला, सोडवत राहिला. मग पोरीकडे न बघता म्हणाला, "तांबडा कुठला होता, ते तरी सांग."

"तू सांगू नकोस गं," आजी म्हणाली आणि खुर्ची सरकवून लेकासमोर आली.

"एकाच आवाजाला पाचदा डोक्यावर घेतलंस आणि पाचदा लाथाडलंस. पोरीने तुला न विचारता आठ गाणी उरकली, ते दुखतंय तुला. मग दुखतंय तिथे औषध लाव की. गिटारला कशाला चोळतोस?"