लग्नाचा पुरावा

ह्यूस्टनच्या चर्चमागं फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंपुढं सिओमारानं मोडलेल्या बरगडीपासून भाजलेल्या मनगटापर्यंत सगळं डोळ्यांतून टिपूस न काढता सांगितलं. "माराचे पुरावे भरपूर झाले, पोरी," बाई म्हणाल्या. "आता लग्न मनापासून केलंस, ग्रीनकार्डासाठी नव्हे, हे दाखवायचं. मग नवऱ्याच्या सहीवाचून तुला इथं राहता येईल. लग्नातला फोटो आहे?" तिनं पर्समधून अर्धाच फोटो काढला. तिच्या देशात लग्नात नवरा-नवरीच्या खांद्यांवर मिळून एकच माळ घालतात. तीसुद्धा कात्रीखाली मधोमध तुटली होती. "आणि यातला तो मुडदा नवरा कुठाय?" बाईंनी विचारलं. सिओमारा जरा घुटमळली. मग तिनं बायबलमधून दुसरा तुकडा काढला. "टाकवला नाही." बाईंनी चिकटपट्टीनं माळ जुळवली आणि झेरॉक्स काढली. कापल्याची रेघ त्यात दिसतच नव्हती. "किती खूश दिसतेस गं!" बाई बोलून गेल्या. "होतेच," सिओमारा म्हणाली, आणि तेव्हा कुठं ती रडली.