वरून येणारा उजेड

मिस्त्रीने जुना पायमोजा हातात चढवला आणि खिडकीच्या झडपेची पहिली लाकडी पट्टी दोन बोटांत धरून पुसली. ओल्या फडक्याने लाकूड फुगतं, हे त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. मोजा काळाकुट्ट झाला.

"सहा महिने उघडलेल्या दिसत नाहीत, ताई."

"नाहीच." बाई दाराला पाठ लावून उभी होती. "दादाने पाठवलं म्हणून तुम्हाला आत घेतलं. हा पत्ता त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"दादाच म्हणाले, भाची अंधारात अभ्यास करते. डोळे जातील पोरीचे."

भाची सात वर्षांची. भर दुपारी टेबलावरच्या दिव्याखाली पाढे लिहीत होती.

मिस्त्रीने ढिले स्क्रू आवळले, बिजागऱ्यांना तेलाचा थेंब थेंब दिला. हात अवघडले तशी त्याने बोटं मोडली. मुलीच्या हातून पेन्सिल पडली.

"मिस्त्री, तेवढं नका करू," बाई म्हणाली.

"बाबा आधी बोटं मोडायचे," मुलगी म्हणाली. "मग उठायचे."

"बारके, पाढे लिही."

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा पट्ट्यांकडे वळला. "हे बघा ताई, सगळी मेख पट्टी कलवण्यात आहे. आतली कड वर केली, तर रस्त्यावरून तुमचं छत दिसणार, सावल्याही दिसणार. बाहेरची कड वर ठेवली, की खालच्याला नुसतं लाकूड. आणि आभाळाचा उजेड थेट टेबलावर."

"आणि समोरून?"

"समोरचा वरचा मजला ओस पडलाय. भाड्याची पाटी लटकतेय, बघा की. खाली जाऊन खात्री करा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बाईने मुलीचा हात धरला आणि ती मागच्या जिन्याकडे वळली.

"पुढून जवळ पडेल, ताई."

"आम्ही मागूनच जातो. चारला कामावर जाते तेव्हाही. बारकी एकटी कधी असते, ते कुणाला कळायला नको."

त्या गेल्यावर मिस्त्रीने तो काळा मोजा खिडकीबाहेर धरून तीनदा झटकला. मग पट्ट्या कलत्या केल्या आणि सांध्यांना गोंदाचं बोट लावलं.

दोघी परत आल्या. "खरंच की हो! लाकडाशिवाय काही दिसत नाही." बाई पहिल्यांदाच हसली. मुलीने आपणहून दिवा मालवला आणि वहीवर पडलेल्या उजेडाच्या रेघांत तळहात ठेवला.

"आई, ऊन!"

"आठ दिवस हात लावू नका," मिस्त्री म्हणाला. "गोंद ओला आहे. पट्ट्या हलल्या तर सगळी मेहनत पाण्यात."

"चहा तरी घ्या."

"नको ताई. चार वाजत आले, तुमची कामाची वेळ झाली."

रस्ता ओलांडून तो समोरच्या इमारतीचे पाच मजले चढला. भाड्याची पाटी लावलेल्या घराचं दार दादांनी उघडलं. आत, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला माणूस समोरच्या कलत्या पट्ट्यांतून खाली टेबलाकडे बघत एकेक बोट मोडत होता.

शेवटचं बोट मोडून झालं.

"बारकीची आई निघाली," तो म्हणाला, आणि उठला.