ब्रेकवर माणूस

जानरावांनी शेवटचा क्लॅम्प आवळला आणि बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आत, नवा ऑइल कूलर नवरदेवासारखा ऐटीत बसला होता. पिकअप ऑटोमॅटिक. शेंदूरजनाघाटची संत्री भरून घाट चढायला लागली की गिअरबॉक्सचं तेल तापायचं आणि समोर लाल दिवा लागायचा. आता ते तेल नव्या नळ्यांमधून कूलरमध्ये जाणार, वाऱ्यानं निवणार आणि परत येणार. काम चोख झालं होतं. पाहायला मात्र अंगणात कुत्रंही नव्हतं.

एवढंच उरलं होतं, की गाडी सुरू करायची, ब्रेक दाबून धरून गिअरचा लिव्हर एकेका जागी टाकायचा, आणि तेवढ्यात खाली वाकून नळ्यांच्या सांध्यांतून तेल गळतं का ते पाहायचं. म्हणजे माणसं दोन. एक ब्रेकवर, एक खाली.

ब्रेकवर पूर्वी आशाबाई बसायच्या. पदर खोचून चढायच्या, पेडलवर पाय ठेवायच्या आणि वरून गावभराच्या खबरा सांगत राहायच्या. "जीव नको खाऊ माहा, ब्रेककडे लक्ष दे!" असं जानराव आपल्या बायकोवर खालून ओरडायचे. मागच्या पोळ्याच्या आधी त्या गेल्या. तेव्हापासून जीव खायला कोणी नाही.

त्यांनी पुण्याला मुलाला, गजेंद्रला, फोन लावला.

"बाबा, मीटिंगमधी हाय मी. सीट अन् ब्रेकच्या मधात काठी अडकवा ना. होते तसं."

पोरगा खोटं बोलत नव्हता. जानरावांनी चाकांना दगड लावले, काठी मापानं तोडून अडकवली आणि गाडी सुरू करून लिव्हर टाकून पाहिला. गाडी तसूभर हलली नाही. आता टॉर्च घेऊन बाजूनं वाकलं की काम संपलं.

ते वाकलेच नाहीत. संपवून करायचं काय? घरात जाऊन कुकर लावायचा, एका माणसाचा भात. आज त्यांना ते नको होतं, अगदी नको होतं. त्यांनी गाडी बंद केली आणि काठी काढून सीटमागे टाकली.

भिंतीपलीकडे किसनराव राहायचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. फरशीचं अंगण, त्यात एक खाट, खाटेवर किसनराव. झाड नाही की वेल नाही. त्यांची बायको नातू सांभाळायला नागपूरला गेली ती तिकडचीच झाली. पोरं लहान होती तेव्हापासूनचा शेजार, पण बोलायच्या त्या बायकाच. इकडून लोणच्याची वाटी जायची, तिकडून भाजीची यायची, आणि नवरे नुसती मान हलवायचे. बायकांचं बरं असतं, विरजण मागायला गेलं तरी तासभर बसता येतं. पुरुषाला दुसऱ्याच्या दारात जायला काम लागतं.

जानरावांकडे आज काम होतं.

"किसनभाऊ!" आवाज जरा मोठाच निघाला. "रिकामे आहा काय? ब्रेकवर पाय ठेवून बसाले मानूस पायजे होता."

किसनराव खाटेवर उठून बसले. "काहून? एकट्यानं नाही होत?"

"नाही होत," जानराव म्हणाले.

किसनराव आत गेले आणि चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आले, ब्रेक दाबायला. चपला खाली काढून केबिनमध्ये चढले. सीट सरकवताना मागे त्यांच्या हाताला काठी लागली. ताजी तोडलेली, एका टोकाला ब्रेकच्या रबराचा काळा ठसा. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. उभा जन्म गाडीवर काढलेला माणूस. काठी कशाची ते त्याला सांगायला नको होतं. बॉनेटजवळ उभ्या जानरावांचे कान तापले. आता हे हसणार, उतरणार आणि परत आपल्या खाटेवर जाणार.

किसनरावांनी काठी बाजूला ठेवली, ब्रेकवर पाय दिला आणि गाडी सुरू केली. "हं, बोला. कोनता टाकू?"

जानराव टॉर्च घेऊन बाजूनं खाली वाकले. नळ्या अगदी कोरड्या होत्या.

"गळून राहिलं काय?"

"पाहून राहिलो."

वरून किसनराव बोलायला लागले. नातवाला दात आले, फोनवर दाखवले. बायको म्हणते तुम्हीच या इकडे, पण तिथे फ्लॅटमध्ये यांची खाट टाकायला जागा नाही. एकदा गेले होते, तर दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसले. जानराव मातीला गाल टेकवून ऐकत राहिले. लक्ष द्या, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

"सोडू काय पाय?"

"थांबा जराक."

इंजिन बंद झालं तेव्हा दोघांच्याही जेवणाची वेळ टळून गेली होती. किसनराव उतरले ते काठी हातात घेऊनच.

"हे नेतो मी. वेलाले आधार द्याचा हाय घरी."

जानरावांनी भिंतीपलीकडे पाहिलं. रिकामी फरशी उन्हात तापत होती.

"न्या," ते म्हणाले.

फाटकापाशी किसनराव थांबले. "तेल उद्या गरम झाल्यावर पुन्हा पाहा लागन ना?"

"लागन."

"मंग आवाज द्या. एकट्याचं काम नाही थे."