चार सेकंदांची जागा

पडद्यावर पुढाऱ्याचं भाषण सुरू झालं आणि एलोइसानं सेकंद मोजायचं घड्याळ हातात धरलं. ही छोटी विनोदी फिल्म तिनंच कापून जोडली होती. बोलपट आल्यापासून प्रत्येक विनोदानंतर हसायला जागा सोडावी लागे, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडायचं. या भाषणातल्या विनोदाला तिनं चार सेकंद दिले होते.

लोक कुठे हसतात ते बघायला दुपारचा खेळ लावला होता, लॉस एंजेलिसबाहेरच्या एका गावात. दिग्दर्शक हॅलोरनसाहेबांबरोबर होती म्हणून तिला आत घेतलं. तिच्या वडिलांना, मेक्सिकन म्हाताऱ्याला, दारावरच अडवलं. ते बाहेर बाकावर बसले. घरी त्यांची पेटी बांधून तयार होती; मंदीचा दोष मेक्सिकनांवर ठेवून त्यांच्यासारख्यांना गुरुवारच्या आगगाडीनं सरहद्दीपार मेक्सिकोत पाठवत होते.

"असल्या पुढाऱ्यांना लोक हसतात, पापा," निघताना ती म्हणाली होती. "आज स्वतःच्या कानांनी ऐका. मग जायचं कशाला? पेटी सोडू."

ढगळ विजारीतला पुढारी कागद उलटा धरून ओरडला, "कोंबडी अंडं देत नाही? दोष परक्यांचा! भरा सगळ्यांना गाडीत!"

एलोइसानं कळ दाबली. एक सेकंद. दोन. कोणी हसलं नाही.

मग टाळ्या पडल्या. तिला मघाशी शेंगा देणाऱ्या शेजारच्या बाई पुडी मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी वाजवत होत्या. "बोललं बाई कुणीतरी एकदाचं!"

"अहो, चेष्टा चाललीय त्याची," एलोइसा म्हणाली. बाईंनी ऐकलंच नाही.

पुढारी पुढचं वाक्य बोलला, "पण मग आपली संत्री तोडणार कोण?" सगळी फिल्म या वाक्यासाठी काढली होती. टाळ्यांत त्याचे ओठ तेवढे हलताना दिसले. टाळ्या थांबल्या तेव्हा घड्याळात अकरा सेकंद झाले होते.

हॅलोरनसाहेब पांढरे पडले होते. पण थिएटरवाल्यानं पाठ थोपटली तसे सावरले. "ते संत्र्यांचं वाक्य कापून टाक," ते तिला म्हणाले. "नाहीतरी ऐकू येत नाही."

ती बाहेर आली तसे वडील बाकावरून उठले. चेहरा नुसता फुलला होता.

"केवढ्या टाळ्या गं, पोरी! इथवर आल्या. चल, घरी जाऊन पेटी सोडू."

"सोडू या, पापा," एलोइसा म्हणाली. "माझेही चार कपडे ठेवायचेत तिच्यात."